मैत्रिणींचं ऐकणं आणि मानसशास्त्र शिकणं

पत्राचा सारांश: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. लिहिणारी वीस वर्षांची, बीएच्या दुसऱ्या वर्षाला, मुख्य विषय मानसशास्त्र. शाळेपासून मैत्रिणी मन मोकळं करायला हिच्याकडे यायच्या, म्हणून हा विषय घेतला. वर्गात मात्र संख्याशास्त्र, आरशात बघून तारा गिरवण्याचे प्रयोग आणि जर्नल. ‘यात माणसं कुठं आहेत?’ असं ती विचारते. जर्नल मागच्या वर्षीच्या मुलींच्या वहीतून उतरवायचं असं सगळ्यांनी ठरवलंय. इन्स्टाग्रामवर तिला समुपदेशनाचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स दिसला. फी ३८ हजार, शेवटी ‘सर्टिफाइड सायकॉलॉजिस्ट’ असं प्रमाणपत्र, महिनाअखेरीपर्यंत भरले तर सवलत. वडिलांचं खत-बियाणांचं दुकान आहे. ‘वेड्यांची डॉक्टर होऊन काय करणार? एमपीएससी कर, नाहीतर बीएड,’ असं त्यांचं म्हणणं, आणि पुण्याला पाठवायची तयारी नाही. म्हणून एमए घरबसल्या, बाहेरून करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येईल का, हेही विचारलंय. शेवटी ता. क.: एक मैत्रीण रोज रात्री फोन करते, ‘जगून काय करू’ म्हणते, आणि कुणाला सांगायचं नाही अशी तिनं शपथ घातली आहे.

---

तुझ्या ताज्या कलमापासूनच सुरुवात करू. बाकीचं सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल.

ती शपथ मोड. आज तिचा फोन आला की आडवळणानं नको, सरळ विचार: ‘तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?’ असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. ‘हो’ म्हणाली तर पुढचं विचार: काही ठरवलंयस का, कधी, आणि ते साधन हाताशी आहे का. आपल्याकडे फवारणीचं औषध घरातच, कोपऱ्यात पडलेलं असतं. ते उद्याच्या उद्या कुलपात किंवा घराबाहेर गेलं पाहिजे, आणि त्यासाठी तिच्या घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला कळलंच पाहिजे. ठरवल्यासारखं बोलली तर तिला एकटी ठेवायची नाही, त्याच रात्री तिला दवाखान्यात न्यायला घरच्यांना सांगायचं. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र कधीही लावता येतो, मराठीत बोलता येतं. तो तिला दे, आणि तूही लाव. तिला सांग, ‘शपथ मोडतेय, कारण तू मला हवीयेस.’ ती काही दिवस रुसेल. रुसू दे.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. पत्रात एक गोष्ट तू गृहीत धरली आहेस: मी चांगली ऐकते, म्हणजे मानसशास्त्र हा माझा विषय. चांगलं ऐकता येणं ही मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही. पण शिकलेल्या समुपदेशकाची पद्धत बघ. पहिल्याच भेटीत तो समोरच्याला सांगतो, ‘तुमचं बोलणं माझ्याजवळ राहील. मात्र तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर मला ते योग्य माणसाला सांगावं लागेल.’ ही मर्यादा आधीच आखलेली असल्यामुळे नंतर त्याच्यावर शपथ मोडायची पाळी येत नाही. त्याची भेट पाऊण-एक तासाची असते, रात्री दोनच्या फोनची नसते. नंतर तो टिपण लिहितो, अडलं की अनुभवी माणसाला ती केस दाखवतो, आणि आवाक्याबाहेरचं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. तू आज यातलं काहीही हाताशी नसताना ते ओझं एकटी वाहतेयस, आणि तरी तुला वाटतंय की कॉलेज तुला भलतंच शिकवतंय.

तू ज्या प्रयोगाला कंटाळलीस, त्यातच माणूस शोधू. आरसा-रेखन घे. टेबलावर दुहेरी रेषेचा तारा, मध्ये आडपडदा, हात दिसत नाही, दिसतं ते फक्त आरशातलं प्रतिबिंब. दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पहिल्या फेरीत पेन्सिल कोपऱ्यावर अडते, मनात पुढे जायचं असतं आणि हात भलतीकडे जातो, घाम फुटतो. दहाव्या फेरीपर्यंत हात बराच सुधारतो. अमेरिकेत एक रुग्ण होता. १९५३ साली फेफऱ्यावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूचा काही भाग शस्त्रक्रियेनं काढला आणि त्यानंतर त्याच्या लक्षात नवीन काही राहीना. पाच मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस तो विसरे. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेनं त्याला तीन दिवस हाच तारा गिरवायला दिला. दरवेळी त्याला हे काम नवंच वाटायचं, आधी केल्याची आठवण शून्य, पण हात मात्र दिवसेंदिवस सुधारत गेला. १९६२ साली तिनं हे मांडलं आणि स्मृती ही एकच एक गोष्ट नाही, ‘काय घडलं’ हे आठवणारी वेगळी आणि ‘कसं करायचं’ हे हाताला ठाऊक असणारी वेगळी, हे लख्ख दिसलं. तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत धूळ खात पडलेलं असतं ते हेच साधन.

म्हणूनच जर्नल उतरवू नकोस. उतरवलेलं जर्नल परीक्षकाला लगेच ओळखू येतं, कारण त्यातला आलेख गुळगुळीत असतो: दर फेरीला चुका शिस्तीत एकेक कमी. खऱ्या माणसाचा आलेख असा कधीच नसतो. चौथ्या फेरीला चुका वाढतात, सहावी-सातवी सपाट जाते, मग एकदम उतार लागतो. ते चढउतार का आले, हे लिहिणं म्हणजेच मानसशास्त्र. प्रयोग बिघडतो तोही ठरलेल्या जागी: पडदा खाली सरकतो आणि हात थेट दिसतो, पेन्सिल मध्येच उचलली जाते, सेकंद ‘साधारण चाळीस’ असे लिहिले जातात, आणि शेजारी उभी मैत्रीण ‘अगं उजवीकडे’ म्हणून सांगते. उजव्या हाताचा सराव डाव्या हाताला लागू पडतो का, हे पाहताना तर आणखी एक गोष्ट लागते. एका गटानं डावा हात, मग उजव्याच्या दहा फेऱ्या, मग पुन्हा डावा असं करायचं. दुसऱ्या गटानं त्या दहा फेऱ्यांच्या वेळात नुसतं बसून राहायचं. का? डावा हात दुसऱ्या खेपेला तसाही थोडा सुधारतोच. तेवढी सुधारणा वजा केल्याशिवाय सरावाचा गुण कळत नाही. हा बसून राहिलेला गट एकदा मनात पक्का ठसला, की ‘आमच्या पद्धतीनं दोन महिन्यांत शंभर लोक बरे झाले’ असं कुणी म्हणालं तर तुला लगेच सुचेल: आणि काही न करता किती झाले असते?

संख्याशास्त्राबद्दलही असंच. बुद्धिमापनाच्या नेहमीच्या कसोट्यांमध्ये सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, १५ धरतात. म्हणजे ७० हा आकडा सरासरीच्या बरोबर दोन पावलं खाली, आणि त्याच्याही खाली शंभरात साधारण दोन-तीन जण. आता समोर एक मुलगा आहे आणि त्याचा गुणांक ६८ आला. त्याला आदल्या रात्री ताप होता, घरात बोलतात लमाणी, चाचणी झाली मराठीत. प्रत्येक मोजमापात थोडी चूक असतेच, हे ज्याला कळत नाही तो त्या एका आकड्यावर मुलाच्या कपाळी शिक्का मारून मोकळा होतो. ज्याला कळतं तो लिहितो, ‘खरा गुणांक या पट्ट्यात कुठेतरी असावा, भाषेची अडचण दिसली, पुन्हा तपासणी करावी.’ आपल्याकडे अजून वापरात असलेली बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, ती याच भाषेच्या अडचणीवर उपाय म्हणून. तुझ्या मध्यमान-विचलनाच्या गणितांवर उद्या एखाद्या पोराचं अपंगत्व प्रमाणपत्र आणि परीक्षेतली सवलत अवलंबून असू शकते.

इथं भाषेबद्दल एक सांगायला हवं, कारण मराठी माध्यमातून आलेली पुष्कळ मुलं एमएच्या पहिल्या सत्रात तिथंच कोसळतात. तुझी पुस्तकं प्रबलन, अवधान, बोधनिक म्हणतात. एमएचा वर्ग, प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा आणि चाचण्यांच्या मार्गदर्शिका रीइन्फोर्समेंट, अटेन्शन, कॉग्निटिव्ह म्हणतात. एक दोनशे पानी वही कर आणि आजपासून रोज पाच शब्द दोन्हीकडून लिही. त्याच वहीच्या मागच्या पानांवर तिसरी भाषा लिही, गावातली. डिप्रेशन असलेली बाई दवाखान्यात ‘मला डिप्रेशन आहे’ असं क्वचितच म्हणते. ती म्हणते, ‘अंगात त्राण नाही, डोकं जड पडतं, कशात जीव लागत नाही, स्वयंपाकाला उभं राहवत नाही.’ कुणी म्हणतं, ‘छातीत धडधडतं, जीव घाबराघुबरा होतो.’ ही भाषा पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांना शिकावी लागते, तुला ती आईच्या तोंडून आलेली आहे. पुढे काम करताना याचा केवढा उपयोग होतो, याची तुला आत्ता कल्पना नाही.

आता पदव्यांचं. या क्षेत्रात कोणत्या पायरीवर स्वतःला काय म्हणवून घेता येतं, हे आधी समजून घे. फसगत नेहमी नावांतच होते. बीए झालेली व्यक्ती मानसशास्त्राची पदवीधर असते, एवढंच. एमए झालं की समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ म्हणून शाळा, संस्था, कंपन्यांत काम मिळू शकतं. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हा एमबीबीएस होऊन मानसोपचाराचं पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहायची ती डॉक्टरनंच. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही मात्र कायद्यानं ठरलेली संज्ञा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तिची व्याख्या आहे आणि ती भारतीय पुनर्वास परिषदेशी, म्हणजे आरसीआयशी, बांधलेली आहे. आरसीआयनं मान्य केलेल्या संस्थेत, देखरेखीखाली रुग्णांसोबत काम करून घेतलेलं शिक्षण, आणि मग परिषदेच्या नोंदवहीत नाव. नोंदणी क्रमांक नाही तर क्लिनिकल नाही.

वर्षानुवर्षं हा रस्ता एमएनंतरच्या दोन वर्षांच्या एमफिलमधून जायचा. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, एमफिल ही पदवीच बंद करायचं ठरवलं, क्लिनिकलसाठी मात्र २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली, आणि आरसीआयनं दोन वर्षांचा एमए क्लिनिकल सायकॉलॉजी, चार वर्षांचा सायडी (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) असे नवे अभ्यासक्रम आणले. म्हणजे तू एमएला जाशील तेव्हा जुन्या ताईंनी सांगितलेला रस्ता तुला लागू नसेल. यातली सर्वांत महागडी चूक आत्ताच सांगून ठेवावीशी वाटते. ‘एमए क्लिनिकल सायकॉलॉजी’ हेच नाव दोन वेगळ्या गोष्टींना आहे: एक आरसीआयमान्य अभ्यासक्रम, आणि दुसरं कित्येक विद्यापीठं स्वतःच देतात ते स्पेशलायझेशन. दुसऱ्यात अभ्यास चांगला असू शकतो, पण त्यावर नोंदणी होत नाही, आणि हे अनेकांना दोन वर्षं आणि लाखभर रुपये गेल्यावर कळतं. माहितीपत्रकावर विसंबू नकोस. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते. तिथं संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत मान्यता आहे, हे तिन्ही जुळतंय का ते बघ. तो अभ्यासक्रम केल्यावर नोंदवहीत कोणत्या नावानं नोंद होते तेही वाच, सगळ्यांची नोंद एकाच नावानं होत नाही.

मग एमए बाहेरून? नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीनं मानसशास्त्रासह आरोग्याशी जोडलेले विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवण्यावर बंदी घातली, त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून नवे प्रवेश थांबले. घरबसल्या एमए सायकॉलॉजी अशी जाहिरात यापुढे दिसली तर प्रवेश घेण्याआधी यूजीसीची मान्यता त्या विषयाला, त्या वर्षाला आहे का हे लेखी माग. लांबच्या गावच्या मुलींचं यानं नुकसान झालंय, हे खरंच आहे. पण प्रात्यक्षिक आणि माणसं नसलेलं एमए तुला जिथं जायचंय तिथं पोचवणार नव्हतंच.

तोच निकष त्या सहा आठवड्यांच्या कोर्सला लाव. त्यांना मेसेज करून चार गोष्टी विचार. प्रत्यक्ष माणसांसोबत किती तास काम करायला मिळेल? माझी भेट कोण तपासेल, त्यांचं शिक्षण आणि नोंदणी काय? मी हाताळू नये अशी केस कोणती, ते शिकवता का? प्रमाणपत्रावरच्या ‘सायकॉलॉजिस्ट’ या शब्दाला कोणत्या परिषदेची मान्यता आहे? उत्तरादाखल पुन्हा सवलतीची तारीखच आली तर तुला उत्तर मिळालं. माझा सल्ला स्पष्ट आहे, हे ३८ हजार भरू नकोस. मोठ्या शहरात दोन वर्षं राहायचं म्हटलं तर तेवढ्यात काही महिन्यांचं वसतिगृह आणि मेस भागते. छोटे कोर्स सगळेच वाईट नसतात. एमए झाल्यावर एखादं तंत्र शिकण्यासाठी ते उपयोगी पडतात, पण पाया म्हणून नाही.

वडिलांचं म्हणणं मोडीत काढू नकोस, त्यात काळजी आहे. एमपीएससीला कोणतीही पदवी चालते, तेव्हा तुझं मानसशास्त्र त्याच्या आड येत नाही. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तर तो वैकल्पिक विषय म्हणून घेताही येतो. बीएडबद्दल मात्र त्यांना एक गोष्ट दाखव. दहावीपर्यंत शाळेत मानसशास्त्र हा विषय नसतो, तो अकरावी-बारावीला असतो. त्यामुळे शाळेत शिक्षिका व्हायचं तर तुझा दुय्यम विषय मराठी, हिंदी, इंग्रजी किंवा इतिहास-भूगोलासारखा शाळेत शिकवला जाणारा हवा. तुझा तो कोणता आहे, हे पत्रात नाही. बदलता येण्याची मुदत कधी संपते, ते कॉलेजच्या ऑफिसात विचारून ये.

आणि ‘वेड्यांची डॉक्टर’ किंवा काहीच नाही, असे दोनच रस्ते नाहीत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबाबत निर्देश देताना १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं सांगितलं. अंमलबजावणी उद्याच होईल असं नाही, पण तुझ्या तालुक्यात अशा संस्था किती आहेत ते मोजून बघ. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसशास्त्राच्या माणसाची जागा असते. सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक असतो, तिथं मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेल्यांना घेतात. सैन्याच्या अधिकारी निवडीत मानसशास्त्रीय चाचण्या असतात आणि त्यामागचं संशोधन डीआरडीओची दिल्लीतली प्रयोगशाळा करते. कंपन्यांत भरती आणि प्रशिक्षण आहे, नेट-सेट होऊन प्राध्यापकी आहे. आणि तुला जर लोकांसोबत, गावात, घरोघर काम करणं मनापासून आवडत असेल, तर मानसशास्त्राच्या एमएपेक्षा समाजकार्याचं एमएसडब्ल्यू तुला जास्त मानवेल अशी शक्यता आहे. त्यात मनोरुग्ण आणि त्यांच्या कुटुंबांसोबतच्या कामाची स्वतंत्र शाखाही आहे. हे दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाच.

क्लिनिकलचंच मनात असेल तर आधी रुग्णालय बघून ये. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. कॉलेजच्या पत्रानं विभागाची सहल नेता येते, सरांना गाठ. एकदोन दिवसांत पुरतं कळणार नाही, पण कॅन्टीनमध्ये बसलेले नातेवाईक, औषधाच्या रांगा, आणि एका रुग्णासोबत तासभर धीरानं बसलेली मुलगी पाहिलीस की हे काम आपलं आहे की नाही याचा थोडा अंदाज येईल. आणि एक नाजूक प्रश्न, उत्तर मला नको, स्वतःलाच दे. दुसऱ्यांची दुःखं ऐकताना आपलं काही मागे राहून गेलंय का? तसं असेल तर ते बोलायला स्वतःसाठी समुपदेशक गाठ. अभ्यासक्रम ते काम करत नाही, आणि त्यानं करायचंही नसतं.

वडिलांशी बोलताना ‘मला पुण्याला जायचंय’ इथून सुरुवात करू नकोस. दुकानाचा हिशेब वहीवर मांडणारा माणूस आहे, त्यांच्यासमोर कागद ठेव. एका कागदावर वर्षं: बीए पूर्ण, मग दोन वर्षांचं एमए, कोणत्या पायरीवर कमाई सुरू होऊ शकते. दुसऱ्यावर तीन संस्था, त्यातली एक तरी सोलापूर-कोल्हापूरकडची, प्रत्येकीची फी, वसतिगृह आणि मान्यतेची नोंद. तिसऱ्यावर एमपीएससीची परीक्षा कोणत्या वर्षी द्यायला हरकत नाही ते. आणि मग एवढंच माग, की तिसऱ्या वर्षाचा निकाल लागेपर्यंत बीएडचा फॉर्म भरायचा नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेला वेळ आहे तोवर आईला किंवा धाकट्या भावंडाला आरशासमोर बसव, आडपडद्याला पुठ्ठा चालेल, मोबाइलवर सेकंद मोज, आणि दहाही फेऱ्यांचे जसे येतील तसे आकडे लिही. पण त्याआधी, आज रात्री, तो फोन.